तीन दिवसांच्या गोळ्या

आमच्या दाराची बेल आजवर पोस्टमन, दूधवाला आणि चुकून शेजाऱ्यांचे पाहुणे अशा सभ्य माणसांनीच वाजवली होती. त्या दुपारी ती वाजली तेव्हा इमारतीला आग लागली असं समजून मी पायजमा सावरत दार उघडलं. समोर एक बॅग उभी होती. बॅगेच्या मागे, जेमतेम माझ्या खांद्याला लागेल एवढी एक मुलगी होती. ‘कोण पाहिजे’ हे दोन शब्द तोंडातून निघेपर्यंत मी खुर्चीत बसलो होतो, माझ्या दंडाला पट्टा आवळला गेला होता आणि सिगारेट, तळलेले पदार्थ, कॉलेजात असताना वर्गमित्राची पळवलेली छत्री असे आयुष्यभराचे गुन्हे मी न विचारताच कबूल केले होते. तिनं सगळं लिहून घेतलं, छत्रीसुद्धा. मग यादीवरून बोट फिरवत म्हणाली, “काका, तुमचं नाव यादीत नाहीच. मग हात कशाला पुढे केलात?”

तेव्हापासून आमच्या घरात तिचं नाव फौजदार.

फौजदार नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. प्रोजेक्ट पास झाल्याशिवाय पदवी नव्हती, आणि पदवी वेळेवर मिळाली तरच आमच्या आरोग्य केंद्रातली नर्सची रिकामी जागा तिची होती. केंद्राच्या मोठ्या सिस्टरनी ती जागा तिच्यासाठी बसमधल्या रुमालासारखी धरून ठेवली होती. प्रोजेक्टचा विषय साधा होता. केंद्रात ब्लड प्रेशरचे बासष्ट पेशंट होते. त्यांना गोळ्या आणि खाण्यापिण्याबद्दल समजावून सांगायचं आणि मग प्रेशर किती उतरलं ते मोजायचं. तिनं केंद्रात तासभर भाषण दिलं, मीठ या विषयावर लोकांना रडवलं आणि महिन्याभरानं घरोघर मोजायला निघाली. दुसरी एखादी मुलगी आधी फोन करून गेली असती. हिला फोन करून जायचं सुचलंच नाही. पुढचं सगळं रामायण त्यातून घडलं.

यादीत नाव होतं ते माझ्या थोरल्या बहिणीचं. ताई आमच्या घरातली शिस्त. तिच्या केंद्राच्या कार्डावर दर महिन्याला एकशे तीस, एकशे अठ्ठावीस असे प्रगतिपुस्तकात शोभतील असे आकडे होते. फौजदारनं पट्टा बांधला. यंत्रानं एकशे चौऱ्याण्णव दाखवलं.

तिनं दुसऱ्या हाताला बांधून पाहिला. यंत्राच्या बॅटऱ्या बदलल्या. स्वतःचं मोजलं, पुन्हा माझं मोजलं. आम्ही दोघं ठीक होतो. ताई पुन्हा एकशे चौऱ्याण्णव. फौजदार पहिल्यांदाच हळू आवाजात बोलली. “मावशी, गोळ्या दाखवता?”

ताईनं बिस्किटांचा पत्र्याचा डबा आणला. झाकण उघडलं. दर महिन्याला केंद्रातून तीन पाकिटं मिळत, दहा दहा गोळ्यांची. डब्यात जवळजवळ वर्षभराची पाकिटं रबर लावून ठेवलेली होती. प्रत्येक गठ्ठ्यातून तीनच गोळ्या गेलेल्या.

“तपासणीच्या आधी तीन दिवस घेते ना,” ताई म्हणाली. “तेवढ्यात आकडा बरोबर येतो. सिस्टर किती कौतुक करते, तिचा हिरमोड कशाला करायचा? आणि रोज रोज खाऊन सवय लागली म्हणजे?”

परीक्षेच्या आदल्या रात्री अभ्यास करणारी मुलं मी पाहिली होती, पण स्वतःच्या काळजाचा असा अभ्यास करणारी बाई पाहिली नव्हती. त्यात ही बाई माझ्याच घरात. रोज सकाळी गोळीसाठी पाण्याचा पेला मीच तिच्या हातात देत होतो. ती पाणी प्यायची. नुसतं पाणी.

फौजदार उरलेल्या घरी गेली, न सांगता. शिंपीकाका तीन दिवस घेत होते, ड्रायव्हरसाहेब दोन दिवस. एक निवृत्त मास्तर तर तपासणीच्या दिवशी सकाळी दोन एकदम घेऊन मागची बाकी भरून काढत. बासष्टांपैकी एक्केचाळीस जण असे निघाले. सगळी प्रेमळ माणसं. सिस्टरला वाईट वाटू नये म्हणून सगळ्यांनी मिळून रजिस्टर सजवलं होतं.

कॉलेजातल्या गाइड मॅडम हिशेब बघून हबकल्या. भाषणाआधी, रजिस्टरप्रमाणे, सरासरी एकशे बत्तीस. भाषणानंतर, घरी मोजलेली, एकशे अठ्ठावन्न. म्हणजे कागदोपत्री या मुलीनं नुसतं बोलून अख्ख्या वस्तीचं प्रेशर चढवलं होतं. मॅडमनी समजुतीनं सुचवलं की घरचे आकडे वगळ, भाषणानंतरचेही केंद्रातलेच घाल, सुधारणा आपोआप दिसेल आणि तू पास होशील.

ती आधी मोठ्या सिस्टरांकडे गेली. मीही ताईच्या गोळ्यांचं विचारायला तिथे गेलो होतो. सिस्टरांनी बावीस वर्षं स्वतःच्या हातानं लिहिलेलं रजिस्टर समोर उघडलं. बराच वेळ पानं उलटत राहिल्या. वर्षभरात केंद्रातल्या तिघांना पक्षाघात झाला होता. सगळ्यांनी वयावर ढकललं होतं. त्या तीन नावांवर त्यांनी बोट ठेवलं. “एकशे अठ्ठावीस,” त्या म्हणाल्या. “एकशे तीस. एकशे सव्वीस.” मग रजिस्टर मिटून फौजदारला म्हणाल्या, “खरं ते लिही.”

तिनं लिहिलं. एक्केचाळीसही घरं, नावं न घालता, पाकिटातल्या उरलेल्या गोळ्यांसकट. केंद्रात त्याच महिन्यापासून तपासणीला येताना रिकामी पाकिटं आणायची सक्ती झाली. ताईनं पहिल्या महिन्यात सत्तावीस गोळ्या कुंडीत पुरायचा बेत केला होता. मी कुंडीच उचलून शेजारी दिली. आता ती माझ्यासमोर गोळी गिळते आणि जीभ बाहेर काढून दाखवते.

कॉलेजच्या समितीनं प्रोजेक्ट नापास केला. शेरा होता, ‘अपेक्षित सुधारणा दिसत नाही.’ सहा महिन्यांनी फौजदारनं ‘हात धुण्याच्या सवयी’ या विषयावर नवीन प्रोजेक्ट दिला आणि ती पास झाली. केंद्रातली जागा तोवर भरली होती.