मागच्या वाडीतले तित्तर

"अव, पाखरंच होते ते," माणिकराव दुसऱ्यांदा म्हणाले, तेव्हा वच्छलाबाईंनी अर्धी भाजलेली भाकर तव्यावरून ओढून परातीत टाकली.

पाखरं खाण्यासाठीही असतात, हे बाईंना ठाऊक होतं. वांकिडीकडचं माहेर, बाप फासे लावायचा, तित्तराचा रस्सा त्यांनी लहानपणी बोटं चाटून खाल्लेला. पण घरामागच्या वाडीतले तित्तर त्यांचे होते. पाच वर्षांपूर्वी त्या ज्वारी पाखडत असताना काटेरी कुंपणातून एक जोडी आत आली. बाईंनी मान वर केली नाही, सूप चालूच ठेवलं. मग रोजचंच झालं. सूप वाजलं की तित्तर यायचे, त्यांच्या पायांशी कणी टिपायचे. दुसरं कोणी दारात दिसलं की पसार. "आली तुही माहेरची मंडळी," माणिकराव हसायचे. यंदा तर मादी पाच पिल्लं घेऊन आली होती.

बाई चार दिवस मंचेरियलला बहिणीकडे गेल्या आणि इकडे व्याही सुधाकरराव मुक्कामाला आले. जेवताना त्यांनी सहज तित्तराची आठवण काढली. दुसऱ्या सकाळी माणिकरावांनी कुंपणाच्या फटींत फासे मांडले, बायकोचं लुगडं डोक्यावरून घेतलं आणि तिच्याच जागी बसून सूप पाखडलं. रस्सा सून मयूरीनं केला. "मामाजी म्हणले, म्हणून केला," एवढंच ती आज बोलली, तेही बाईंनी खोदून विचारल्यावर. कारण परत आलेल्या बाईंचं सूप आज वाजलं, तेव्हा दोनच पिल्लं आली होती. आई नाही, बाप नाही, तरी सरळ पायांशी आली.

"व्याह्याले नाही कसं म्हनू?" माणिकराव म्हणाले. "रानात जाऊन धरले असते तर चाललं असतं का तुले?"

"चाललं असतं," बाई म्हणाल्या. "माह्या भरोशावर आलते ते. माहं लुगडं पांघरून फसवलं तुमी. त्याह्यलेबी, मलेबी."

माणिकरावांनी सुनेकडे पाहिलं. सुनेनं चुलीतलं जळतं लाकूड मागं ओढलं.

बाईंनी तवा खाली उतरवला.

"उद्यापासून वाडीत दाना पडनार नाही. ते दोन पिल्लं आले तर मी सोता ढेकूळ मारून हाकलीन. माणसाले भ्याले, तरच जगतील. कोणी मंधात पडू नका."