तीस फेब्रुवारी

गेल्या बुधवारी दुपारी यादीत नावं कमी निघाली. जबलपूर, आमचं ऑफिस, गाडी निघायला एक रात्र बाकी.

आमची संस्था कुंडमकडच्या गावांमध्ये सिकलसेलच्या पेशंटना औषधं पोचवते. रक्ताचा आजार आहे, जन्मभराचा. गोळी रोज घ्यावी लागते... खंड पडला की हाडं ठणकतात, आणि दवाखाना लांब. दर गुरुवारी सकाळी गाडी निघते. तिच्यात कुणाकुणाच्या नावाची पाकिटं चढवायची, हे एक वेब ॲप ठरवतं. ते ॲप मी सांभाळते.

माझं शिक्षण साहित्यातलं. कोडिंग नंतर शिकले, गरज म्हणून. ऑफिसात हे मला अधूनमधून ऐकवलं जातं, म्हणून इथे आधीच सांगून टाकते.

हे ॲप ज्या फ्रेमवर्कवर, म्हणजे तयार सांगाड्यावर, उभं आहे, त्याच्या जुन्या व्हर्जनचा सपोर्ट या महिन्याअखेरीस संपतो. ॲप चालत राहील, पण त्याच्या सुरक्षेतली भोकं कुणी बुजवणार नाही. पेशंटची माहिती अशी उघड्यावर ठेवता येत नाही. म्हणून दीड महिना मी ते नव्या व्हर्जनवर नेत होते. लॉगिन तुटलं, फॉर्म तुटले, प्रिंट तुटली... एकेक जोडत आले. बुधवारी पहिल्यांदा सगळ्या टेस्ट पास झाल्या.

मग जुन्या आणि नव्या व्हर्जनमधून निघालेल्या याद्या शेजारी ठेवल्या. नव्या यादीत एकोणीस नावं नव्हती.

एरर नाही, सूचना नाही. नावं नुसती नव्हती.

शोधत गेले तेव्हा दिसलं की एकोणीसही जणांची जन्मतारीख तीस फेब्रुवारी. वर्षं वेगळी, दिवस तोच. जुनं व्हर्जन तारखेला साधा मजकूर समजायचं, काहीही लिहा. नवं तपासतं. असा दिवस कॅलेंडरात नाही, म्हणून ते अख्खा माणूसच गाळत होतं.

इंदूरचे सल्लागार व्हिडिओ कॉलवर होते. त्यांनी लगेच निकाल दिला. "मैडम, डेटा गंदा है. सबको एक जनवरी कर दीजिए और आज ही लाइव कीजिए."

आमच्या सरांनाही ते पटलं. सर इथल्याच रांझी भागातले, घरात मराठी बोलणारे. म्हणाले, "बरोबर बोलून राहिले ते. टाक एक जानेवारी. चलो, उद्या नव्या यादीवर गाडी काढू."

खरं सांगते, मलाही पटलं होतं. एका ओळीची कमांड... लिहूनही झाली होती. ती चालवायच्या आधी मी सुखवतीदीदींना फोन केला. कुंडमला घरोघर फिरून फॉर्म त्या भरतात, आणि या सगळ्या नोंदी त्यांच्याच होत्या. मी फोन केला तो त्यांना बोल लावायला.

"दीदी, फरवरी में तीस तारीख होती है क्या?"

"नहीं होती," त्या म्हणाल्या. "इसीलिए तो लिखी."

मग त्यांनीच उलगडून सांगितलं.

"आपका फॉर्म तारीख के बिना आगे जाता नहीं. और अम्मा को याद नहीं कि बच्चा कब हुआ. तो क्या झूठ लिख दें? एक जनवरी तो मास्टरजी लोग लिखते हैं, आधा गाँव एक जनवरी का है. तीस फरवरी दिखे तो समझ लो, पूछना बाकी है. डॉक्टर साहब तो समझ जाते हैं. आप इतनी पढ़ी-लिखी हो, आप नहीं समझीं?"

या पेशंटना तपासणाऱ्या आमच्या डॉक्टरांना विचारलं. खरंच, ती तारीख दिसली की ते वयावर विश्वास ठेवत नाहीत, वजन करून मगच मात्रा ठरवतात. दोन माणसांमधली ही खूण इतकी वर्षं चालत होती, आणि ऑफिसात कुणाला पत्ता नव्हता.

फॉर्म मी बनवला होता. तारीख रिकामी सोडता येणार नाही, हा नियम माझा. दीदींनी त्या नियमातूनही खोटं न लिहिण्याची वाट काढली, आणि मी त्यांना झापायला निघाले होते.

कमांड पुसली. सरांना सांगितलं, उद्या जुनीच यादी जाईल, आणि या तारखांची एक जानेवारी कुणी करणार नाही.

"काहून अडून राहिली तू?" सर वैतागले. "हे काही कवितेचं पुस्तक नाही, एकेका शब्दासाठी भांडायला."

"औषधाची यादी आहे, सर. म्हणूनच भांडते आहे."

"मग उशीर तुझ्या नावानं लिहीन मी रिपोर्टात."

"लिहा."

त्यांनी लिहिला. गाडी जुन्या यादीवर गेली, एकोणीस पाकिटांसकट. मी चार दिवस घेतले. जन्मतारखेची सक्ती काढली. तिच्याखाली एक चौकोन दिला, टिक करायला. त्याच्यापुढचे शब्द दीदींचेच ठेवले... "पूछना बाकी है". त्या एकोणीस नोंदींत तीस फेब्रुवारीच्या जागी हीच टिक आली. डॉक्टरांच्या स्क्रीनवरही तेच दिसतं. मग जुन्या आणि नव्या याद्या एकेक नाव लावून तपासल्या, आणि काल, सोमवारी, नवं व्हर्जन लाइव केलं.

रिपोर्टात विलंबाचं कारण म्हणून अजून माझं नाव आहे. असू दे.

दीदी मराठी वाचत नाहीत. त्यांचे आभार मी हिंदीत मानले, तर म्हणाल्या, अच्छा, अब फॉर्म सुधर गया न, बस. इथे मराठीत मला एवढंच नोंदवायचं आहे. आपला जन्म कधीचा हे ज्याला सांगता येत नाही, तोही आजारी पडतो. त्याला यादीतून गाळणारं व्हर्जन कितीही नवं असलं, तरी मी ते लाइव करणार नाही.