भाताचा वास
आंबेमोहोर शिजल्याचा वास आला की मला निजामपुऱ्यातल्या आमच्या जुन्या कौलारू घरातली ती शुक्रवारची दुपार आठवते. शेजारचे कापड विणायचे लूम आठवड्याच्या सुट्टीमुळे बंद होते आणि रोजची खडखड नसल्याने आपलंच घर परकं वाटत होतं. मलेशियात खाल्लेला नारळाच्या दुधातला भात घरी करायचा म्हणून मी तिथून पांदानच्या सुवासिक पानांचं पाकीट आणलं होतं आणि हौसेने नारळ खवत बसले होते. खारबावच्या माझ्या सासूबाई मागच्या दारात जवळा निवडत होत्या. एवढ्यात गरम भाताचा गोडसर वास घरभर पसरला. "भात झाला का गो?" त्यांनी विचारलं. "नाही आई, तांदूळ अजून भिजतायत. हा त्या मलेशियाच्या पानांचा वास," मी ऐटीत म्हणाले. त्या आत आल्या, ओट्यावर नजर फिरवली आणि माझं मनगट घट्ट धरलं. "पाकीट तर तू फोडलंच न्हाय. हलू नको. जनावर आलं की असाच वास सुटतो." सापाचं नाव त्या घरात कधी घेत नसत. आम्ही दोघी तशाच उभ्या राहिलो. वास सिलिंडरच्या मागून आला, आमच्या पावलांशी दाट झाला, जरा थांबला आणि मोरीकडे जात विरला. डोळ्यांना काहीच दिसलं नाही. संध्याकाळी मी तो भात केला, पण सासूबाईंनी ताटाला हात लावला नाही. आता त्या नाहीत, आणि आम्ही कशेळीला नवव्या मजल्यावर राहतो. तरी भाताचा वास आला की मी आधी गॅस पेटलाय का ते बघते. काल पेटलेला नव्हता.