पार्सलकाकांचा डोंगर

पार्सलकाकांनी पानगळ पहिल्यांदा पाहिली ती साठी उलटून गेल्यावर. बाहेरच्या माणसाला हे खरं वाटत नाही, पण ज्यानं आमचं घोलवड पाहिलंय त्याला पटेल. घरापुढे चिकू, घरामागे चिकू, आणि चिकूचं झाड बाराही महिने हिरवं. फळसुद्धा कमीजास्त वर्षभर चालूच. काकांचा सगळा जन्म त्या वाड्यांमध्ये गेला आणि त्यांच्या हिशेबी ऋतू दोनच होते, छत्री लागणारा आणि न लागणारा. मग म्हातारपणी ते डोंगरात राहायला गेले आणि फाल्गुनात अंगणातल्या सागाची पानं पटापट खाली यायला लागली, तेव्हा त्यांनी घाबरून मला फोन केला. म्हणाले, "अरे, झाडाला काहीतरी रोग लागलाय. पाणी घालू का?"

चिकूच्या पेट्या भरून रेल्वेनं आणि ट्रकनं बाहेरगावी पाठवायच्या, हे काम त्यांनी आयुष्यभर केलं, म्हणून ते पार्सलकाका. खरं नाव रेशनकार्डावर असावं. आमचं घर त्यांच्या घराला लागून. मी डहाणूत वह्यापेनांचं दुकान चालवतो आणि माझ्याकडे एक जुनी गाडी आहे. या गाडीपायीच पुढच्या सगळ्या भानगडीत मी ओढला गेलो.

चिकूचं एक असतं. झाडावर पिकू दिला तर तो बाजारात पोचेपर्यंत लगदा होतो, म्हणून कच्चाच उतरवायचा आणि वाटेत पिकू द्यायचा. काकांनी हा नियम चिकूपुरता ठेवला नाही. चहाला उकळी येण्याआधीच कप हातात द्यायचे आणि म्हणायचे, "तोंडाशी नेईपर्यंत तयार होईल." माझ्या मुंजीत त्यांनी दिलेला शर्ट मला दहावीला नीट बसला. लग्नाला निघालेल्या माणसांना ते तासभर आधी दारात उभं करायचे आणि मग तासभर दारातच सगळ्यांशी गप्पा मारायचे. "माल पोचेपर्यंत तयार झाला पाहिजे," हे वाक्य आमच्या गल्लीतल्या पोरांना पाढ्यांच्या आधी पाठ झालं होतं.

काम मुलाच्या हाती दिल्यावर काकांनी गंजाड गावाच्या पुढे, डोंगराच्या उतारावर वडिलांच्या वेळची एक पडीक जागा होती तिथे दोन खोल्या आणि एक पडवी बांधली. लोकांना वाटलं, आंबे लावतील. काकांनी काही म्हणजे काही लावलं नाही. "आयुष्यभर झाडाकडून काढून घेतलं. आता ते काय करतं ते नुसतं बघणार," असं ते म्हणाले. आणि खरोखर बघत बसले. शेजारी देवजी नावाचा शेतकरी राहायचा, भात आणि नागली करणारा. पहिले काही महिने तो रोज येऊन विचारायचा, "काका, बरं नाय का?" धडधाकट माणूस दिवसभर झाडाकडे तोंड करून बसतो म्हणजे दुखणंच असणार, अशी त्याची समजूत. पुढे त्यालाही सवय झाली. जाता-येता तो काकांना डोंगराची खबर द्यायचा, कुठे मोह गळायला लागला, कुठल्या ओहोळाला पाणी उरलं, आणि काका ती खबर लगेच फोनवर मला द्यायचे. मी त्या वेळी गिऱ्हाइकाला खोडरबर दाखवत असायचो.

काकी मात्र घोलवडलाच राहिल्या. त्यांचं माहेर उंबरगावचं, त्यामुळे बोलता बोलता गुजरातीत शिरायच्या, आणि रागावल्या की पूर्णच गुजरातीत जायच्या. त्यांना समुद्राचा वारा हवा, देवळातल्या बायका हव्यात, नळाचं पाणी हवं, संध्याकाळची सिरियल हवी. "डुंगर पर शुं दाट्युं छे?" म्हणायच्या. डोंगरावर काय पुरून ठेवलंय. काका चिडून म्हणायचे, "बघायला तर ये." वर्षभर हे चाललं. लोक हसत होते, पण दोघांची जेवणं दोन गावांत होत होती आणि दोघंही अर्धी भाकरी टाकून उठत होते, हे मला दोन्हीकडे जाणं असल्यामुळे दिसत होतं. शेवटी एका अक्षयतृतीयेला, आमरसाच्या ताटावर, काकींनी निकाल लावला. "पुढच्या अक्षयतृतीयेपर्यंत तुम्ही बोलवाल तेव्हा मी येईन. वर्षभरात तुमच्या डोंगरानं मला एक गोष्ट दाखवावी, जिच्यासाठी मी घर सोडावं. दाखवली तर मी तिकडे. नाही तर तुम्ही बोचकं बांधायचं आणि इकडे." काका तात्काळ हो म्हणाले. मी रसाची वाटी तोंडाला लावून बसलो होतो, म्हणून मला कोणी विचारलं नाही, पण गाडी माझीच ठरली.

पहिलं बोलावणं काजव्यांचं आलं. "अख्खं झाड पेटतं," काका म्हणाले. काकींना घेऊन मी गेलो. संध्याकाळ झाली, आम्ही तिघे झाडाकडे बघत बसलो, आणि दोन काजवे आले. त्यातला एक चालत होता. काकींनी विचारलं, "आ छे?" हेच का ते. काका म्हणाले, "अजून तयार व्हायचेत. मी म्हटलं तू येईपर्यंत होतील." आम्ही परत आलो आणि चौथ्या दिवशी काकांचा फोन आला की आता झाड पेटलंय. पण "एका गोष्टीला एकच फेरी," म्हणत काकींनी हातातलं लाटणं खाली ठेवलं नाही.

मग सगळं वर्ष हेच. पिवळ्या फुलांचा उतार दाखवायला बोलावलं, तेव्हा उताराला नुसत्या कळ्या. पाड्यावरचा तारपा ऐकायला बोलावलं, तेव्हा देवजी पडवीत बसून तारप्याच्या भोपळ्याला मेण लावत होता. नाच परवा आहे म्हणाला. काकी म्हणाल्या, वाद्य छान आहे, आणि त्याच्या बायकोकडून नागलीचं पीठ घेऊन परतल्या. धुकं बघायला गेलो त्या सकाळी आकाश इतकं स्वच्छ होतं की काकींना डोळ्यांवर पदर घ्यावा लागला. पळसाच्या वेळी तर काकांनी हद्द केली. सगळं रान लाल झालंय, असं फोनवर सांगितलं. जाऊन बघतो तर काळपट कळ्यांचे घोस. "झालंय असं म्हणालात," मी म्हटलं. "तू डहाणूहून घोलवडला जाणार, काकीला घेणार, वाटेत पेट्रोल भरणार," काका म्हणाले, "तेवढ्यात झालं असतं." झाडांना कोणी सांगावं की माणसं गाडीनं येतायत.

मी एकदा त्यांना बाजूला घेऊन स्पष्ट बोललो. म्हटलं, काका, फुललं की मग बोलवा, एवढं साधं आहे. काका हळूच म्हणाले, "आणि तिला यायला उशीर झाला तर? फुललेलं गळून गेलेलं दाखवू?" त्या दिवशी मला त्यांची थट्टा करवली नाही.

वर्ष संपलं. अक्षयतृतीया उद्यावर आली तशा काकी सकाळीच आमच्या दारात उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "चाल, भाई. एमने लई आवीए." त्यांना घेऊन येऊ. जिंकल्याचा आनंद तोंडावर नव्हता.

डोंगर त्या वेळी अगदी उघडा पडलेला. सागावर पान नाही, गवत वाळून पांढरं झालेलं, चालताना पायाखाली पाचोळा मोडत होता. काकांनी दोन पिशव्या बांधून पडवीत ठेवल्या होत्या. वाद नाही, विनंती नाही. "चहा घेऊन निघू," एवढंच म्हणाले, आणि चहा चांगला उकळेपर्यंत चुलीपाशी थांबले. त्यांनी अशी वाट बघितलेली मी प्रथमच पाहिली.

काकी दोरीवरचे कपडे काढायला घरामागे गेल्या आणि बराच वेळ आल्या नाहीत. मी बघायला गेलो. घरामागे दोन दगडांवर एक फळी टाकलेली होती आणि काकी तिच्यापाशी हातात टॉवेल घेऊन उभ्या होत्या. देवजी बैल घेऊन चालला होता, त्याला त्या विचारत होत्या, हे कशाला.

"पाला झडला का इथून दर्या दिसतो," देवजी म्हणाला. "एरवी नाय दिसत. काका उन्हाळाभर सांजचा इथंच बसतो. हाक मारली तरी ऐकत नाय."

काका मागे येऊन उभे होते. चोरी पकडल्यासारखं त्यांचं तोंड झालं. काकींनी विचारलं, "हे का नाही दाखवलंत?"

"यात काय दाखवायचं?" काका म्हणाले. "फूल नाही, पान नाही. उन्हाळ्यात डोंगरावर मालच नसतो."

काकी फळीवर बसल्या. ऊन कलतं झालं होतं. खाली दूरवर वाड्यांचा काळसर हिरवा पट्टा आणि त्याच्या पलीकडे पाण्याची एक चकाकणारी रेघ. "ती डहाणूच्या थर्मल पॉवरची चिमणी दिसते?" काका बोट दाखवत म्हणाले. "तिथून उजवीकडे यायचं. ते चिखले. आणखी थोडं उजवीकडे घोलवड. तिथे आपलं घर."

"मला नाही दिसत."

"मलाही नाही दिसत. पण आहे ना तिथे." पुढे म्हणाले, "सात वाजले की तू तुळशीपाशी दिवा लावतेस. तोपर्यंत बसतो आणि मग आत जातो."

काकी म्हणाल्या, "सात वाजता मी सिरियल बघते. दिवा सूनबाई लावते."

काकांनी यावर थोडा विचार केला. "चालेल," म्हणाले.

मी टॉवेल घ्यायला हात पुढे केला, पण काकींनी तो दिला नाही. डोळ्यांना लावला होता. आणि मग मला म्हणाल्या, मराठीत, "तू निघ आता. उतारावर अंधार नको व्हायला. उद्या येशील तेव्हा माझ्या बीपीच्या गोळ्या आण, मिक्सर आण आणि टीव्ही आण. टीव्ही आधी."

"टीव्ही कशाला?" काका कळवळून म्हणाले.

"तुम्ही बाहेर बघा. मी आत बघते."

दोघं तिथे एकत्र राहिली ती काकांच्या शेवटापर्यंत. टीव्ही आला, पण पाऊस लागला की लाइट जायची आणि काकींना बाहेर बघण्यावाचून इलाज नसायचा. त्या काकांपेक्षा बऱ्या बघणाऱ्या निघाल्या. काका उठून घाईनं चपला घालायला लागले की बसल्या जागेवरून म्हणायच्या, "आज नाही, परवा," आणि परवाच ते फूल उमलायचं. काकांचा यात फार अपमान व्हायचा आणि तो ते फोन करून मला सांगायचे. इतका सुखी माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

गेल्या आश्विनात ते गेले. नागलीची कणसं भरत आली होती. पडवीत बसल्या बसल्या गेले, कोणाला काही करायला वेळ दिला नाही. पाड्यातली सगळी माणसं आली. देवजी त्या फळीवर संध्याकाळपर्यंत बसून होता.

दिवस झाल्यावर त्यांचा मुलगा आणि मी काकींना आणायला गेलो. मुलानं खोली रंगवून घेतली होती, पलंग खिडकीशी लावला होता, सगळं नीट केलं होतं. काकींनी ऐकून घेतलं आणि नाही म्हणाल्या. तो रडायला लागला तेव्हा त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. देवजीची बायको रात्री सोबतीला येते, दर रविवारी फोन करेन, थंडी फार झाली तर येईन, असं सगळं कबूल केलं, पण गाडीत बसल्या नाहीत.

निघताना मी त्यांना एकटीला गाठून विचारलं, इथे त्यांच्याशिवाय करमतं का.

"नाही करमत," काकी म्हणाल्या. "तिकडेही करमणार नाही. पण इथे सकाळी उठलं की काहीतरी बदललेलं असतं, आणि ते मी त्यांना सांगते. तिकडे येऊन मी त्यांना काय सांगू?"