वसमत ठेसनावरचा आडोसा

त्या दुपारी वसमतच्या ठेसनावर मी नागनाथाला मनातल्या मनात फार बोलले. मी पहिलटकरीण, दिवस भरायला अजून अवकाश होता. सासरे मला बाळंतपणासाठी माहेरी, शिरड शहापूरला, पोचवायला निघाले होते. पूर्णेहून गाडीनं वसमतला आलो खरे, पण शिवरात्र तोंडावर आलेली. औंढ्याच्या नागनाथाच्या जत्रेला निघालेल्या माणसांनी ठेसन फुलून गेलं होतं. मोटारीच्या टपावर माणसं चढलेली, टांगे भरलेले, बैलगाड्या आधीच ठरलेल्या. मामंजी मला भिंतीकडेला वळकटीवर बसवून वाहन बघायला गेले, आणि मला कळा सुरू झाल्या.

सांगणार कुणाला? मामंजींपुढे मी कधी मान वर केली नव्हती. ते परत आले. माझा चेहरा बघून म्हणाले, "सूनबाई, तकलीफ होऊन राहिली का?" मी मानेनंच नाही म्हटलं. थोड्या वेळानं लुगडं भिजलं, तेव्हा वाटलं, धरणीनं पोटात घ्यावं. उघडा फलाट, चहूकडे परके पुरुष. देवा, सासरी न्हाई, माहेरी न्हाई, इथंच काहून?

पलीकडे लमाण तांड्यातल्या बायका हिंगोलीच्या गाडीची वाट बघत बसल्या होत्या. त्यांतली एक थोराड बाई उठून माझ्यापाशी आली.

"काहून लाजतीस? लेकरू येऊन राहिलं तुझं."

"इथं नको," मी रडत म्हणाले. "सारे बघतील."

"कोन बघतो ते मी बघते."

तिनं हाक दिली. बायका आल्या आणि माझ्याकडे पाठ करून खांद्याला खांदा लावून उभ्या राहिल्या. त्यांचे घेरदार घागरे एकमेकांना भिडले. आत आम्ही दोघीच. बाहेर त्यांची गाडी आली, शिटी झाली, गाडी गेलीसुद्धा. एकही बाई जागची हलली नाही.

लेकरू झालं, पण रडेना. निळंनिळं पडलेलं. तोवर दातांखाली दाबून धरलेला माझा आवाज तेव्हा फुटला. "नागनाथा, तुझं लेकरू हाय, तूच बघ!" साऱ्या ठेसनानं ऐकलं असेल. बाईनं बोटानं त्याचं तोंड साफ केलं, उलटं धरून पाठीवर थापट्या मारल्या. मग ते बारीक रडलं.

"कापड द्या कुनी!" बाई ओरडली.

घागऱ्यांच्या फटीतून एक हात आत आला. मामंजींचा. तोंड फिरवून ते बाहेर उभे होते आणि हातात त्यांच्या डोक्याचा रुमाल होता. चारचौघांत उघड्या डोक्यानं त्यांना कुणी कधी पाहिलं नव्हतं.

"घ्या माय," ते म्हणाले, "लेकराला गुंडाळा."

एका टांगेवाल्यानं बसलेली माणसं उतरवून आम्हाला घेतलं. त्या बायका मागे फलाटावर पुढच्या गाडीची वाट बघत राहिल्या. मी बाईचं नावही विचारलं नाही. लाजेनं डोळे वर उचलवत नव्हते.

ती लाज पुरती गेली असं नाही. कुणी ती गोष्ट काढली की अजून माझी मान खाली जाते. पण एकटी असले की हात आपसूक जुळतात. सगळं झाकून, ओठ मिटून मी स्वतःच सांभाळू बघत होते, आणि माझ्यानं काहीच सांभाळलं गेलं नाही. हात सुटले, तेव्हा नागनाथानं धरलं. मामंजींच्या रुमालात गुंडाळलेली माझी ती मुलगी आज लेकुरवाळी आहे.