पुढच्या फळीवरचा बारक्या

बारक्याला बारक्या का म्हणतात, असं नवीन माणूस हमखास विचारायचा, कारण हा गृहस्थ दुकानाच्या दारातून आत यायचा तो अंग तिरकं करून. साठीला टेकलेला, पोट सुटलेलं, डोक्यावर नावापुरते केस. पण थोरल्या भावानं लहानपणी जे नाव ठेवलं ते कायमचं चिकटलं. दादा म्हणायचा बारक्या, म्हणून सगळी गल्ली म्हणायची बारक्या. एकट्या वहिनी तेवढ्या भावोजी म्हणायच्या.

दोघा भावांचं काचेचं दुकान होतं. खिडक्यांची तावदानं, आरसे, फोटोच्या चौकटी. दादा काच कापायचा आणि बारक्या चौकटी ठोकायचा. दादानं काचेवर हिरकणीच्या कलमानं एकदा रेघ ओढली की ती दुसऱ्यांदा ओढावी लागत नसे. टेबलाच्या कडेला काच धरून हलका दाब दिला की काम झालं. त्या वेळी दुकानात कोणी बोललेलं त्याला चालायचं नाही. तसा तो एरवीही कमीच बोलायचा, आणि रागावला तर मग बघायलाच नको, तोंडाला कुलूप. आदळआपट नाही, शिवी नाही, नुसता अबोला. वहिनी म्हणायच्या, "ह्यांचा राग ओळखायला घड्याळ लागतं. जेवणापर्यंत गप्प असले तर रोजचंच समजायचं. जेवण झाल्यावरही गप्प असले तर आपलं काहीतरी चुकलंय." बारक्या ह्यावर पोट धरून हसायचा, कारण त्यानं असे अबोले ढीगभर पचवले होते.

सुट्टीच्या दिवशी मात्र दोघं तलावावर जायचे. बास माशाचं वेड बारक्याला होतं. हा मासा मोठा आडमुठा. उघड्या पाण्यात फिरकत नाही, बुडालेल्या झाडाखाली नाहीतर लव्हाळ्यात दबा धरून बसतो आणि मनात आलं तरच गळाला तोंड लावतो. तिथवर जायला मोठी होडी काय कामाची? म्हणून त्यांच्याकडे एक कनू होती, म्हणजे दोघांपुरती अरुंद होडी, दोन्ही टोकांना निमुळती. पुढच्या फळीवर बारक्या गळ घेऊन आणि मागच्या फळीवर दादा वल्हं घेऊन. ह्यात कधी अदलाबदल झाली नाही. "दादा, तू पण एकदा गळाची काठी धर की," असं बारक्या सुरुवातीला म्हणायचा. दादा म्हणायचा, "वल्हवायला कोणीतरी नको का?" पुढे त्यानं विचारणंच सोडून दिलं. आणि खरं सांगायचं तर काठी सोडायला बारक्याला आवडलंही नसतं.

त्या होडीचा एक नियम होता. तरुणपणी एकदा बारक्या मासा दाखवायला गर्रकन मागे वळला आणि दोघंही पाण्यात. दादाच्या नाकातोंडात पाणी गेलं होतं. त्या दिवसापासून दादानं ठरवून टाकलं की पुढे बसणाऱ्यानं मागे वळायचं नाही. बोलायचं असेल तर पुढे बघूनच बोलायचं, मागचा ऐकतो. तेव्हापासून बारक्या दादाचा चेहरा काठावर बघायचा आणि परत काठावर आल्यावरच बघायचा. दादा मागे आहे हे त्याला कळायचं ते होडीवरून. झाडापासून हवी तेवढीच लांब, हवी तेवढीच वाकडी, जागच्या जागी उभी. बारक्याला ह्याची इतकी सवय झाली होती की होडी आपणहूनच तशी उभी राहते असं त्याला वाटायला लागलं होतं.

त्या सकाळी धुकं होतं. होडी पाण्यात ढकलताना बारक्यानं कित्येक दिवस पोटात ठेवलेलं एकदाचं बोलून टाकलं. त्याची बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. एकुलती एक लेक परगावी, तिला दिवस गेलेले. ती रोज फोनवर म्हणत होती, बाबा, आता कायमचे इकडेच या.

"दादा, मी जावं म्हणतो पोरीकडे. दुकानाचं तू म्हणशील तसं करू. तू हो म्हणालास तरच जाईन."

दादानं त्याच्याकडे बघितलं. मग होडीत पाय टाकला, मागच्या फळीवर बसला आणि वल्हं उचललं. हो नाही की नाही नाही. बारक्याचं तोंड एवढंसं झालं. तोही मुकाट्यानं पुढे जाऊन बसला.

लव्हाळ्याच्या कडेकडेनं बराच वेळ गेला. वल्ह्याचा आवाज नेहमीसारखा येत होता. बारक्याला वाटत होतं, आता बोलेल, मग बोलेल. एक शब्द बोलला असता तरी चाललं असतं. 'जा' म्हणाला असता तर सोनंच, पण 'जाऊ नकोस' म्हणाला असता तरी बारक्या राहिला असता, अगदी आनंदानं राहिला असता. ह्या गप्प बसण्याचं काय करायचं माणसानं?

मग ते पडलेल्या झाडापाशी आले. जुनं मोठं झाड, अर्धं पाण्यात. बारक्यानं गळाला रबरी किडा लावला आणि फांद्यांच्या मधोमध टाकला. तेवढ्यात होडीचं तोंड उजवीकडे गेलं.

"डावीकडे घे," बारक्या पुढे बघूनच म्हणाला.

होडी अर्धीमुर्धी वळली आणि पुन्हा उजवीकडे गेली. असं कधी होत नसे. बारक्याच्या मनात आलं, मुद्दाम करतोय. तोंडानं नाही तर वल्ह्यानं राग काढतोय. आणि नेमका तेव्हाच मासा लागला.

काठी पार वाकली. असला हिसका बारक्याला जन्मात बसला नव्हता. मासा फांद्यांकडे ओढत होता. एरवी अशा वेळी दादा चार वल्ही मारून होडी मोकळ्या पाण्यात न्यायचा, त्याला सांगावं लागायचं नाही. आज होडी मेल्यासारखी तरंगत राहिली आणि हळूहळू झाडाकडेच सरकायला लागली. "मागे घे, मागे घे," बारक्या म्हणत राहिला. मागून हूं नाही की चूं नाही. त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. रीळ फिरवत, दोरी सैल सोडत, दात खात त्यानं एकट्यानं तो मासा दमवला आणि हातजाळीत घेतला. एवढा बास त्या तलावात आहे हे कोणी सांगितलं असतं तर त्यानं खरं मानलं नसतं.

त्यानं मासा दोन्ही हातांनी डोक्यावर उचलून धरला. वळला नाही. "बघ," म्हणाला.

उत्तर नाही. ते मात्र बारक्याला फार लागलं. हात दुखेपर्यंत त्यानं मासा तसाच धरला, मग खाली टाकला आणि नवा किडा लावला. ठीक आहे. तू मुका तर मीही मुका. तुझा भाऊ म्हणून जन्मभर चौकटी ठोकल्या, एक दिवस स्वतःचं काही मागितलं तर ही तऱ्हा. असं मनातल्या मनात भांडत तो गळ टाकत राहिला. होडी वाऱ्यावर कशीही फिरत होती. वल्ह्याचा आवाज कधीचा थांबला होता, आणि तोही त्यानं दादाच्याच नावावर मांडला. धुकं विरलं, ऊन डोक्यावर आलं तरी बारक्या हट्टानं पुढेच बघत बसला होता.

मग दादाचं वल्हं त्याच्या बाजूनं तरंगत पुढे गेलं.

बारक्या वळला. दादा एका अंगावर कलला होता. तोंडाची एक बाजू खाली ओघळलेली, उजवा हात मांडीवर नुसता पडलेला. डाव्या हातानं होडीची कड घट्ट धरली होती. डोळे उघडे होते आणि तो बारक्याकडे बघत होता.

काठावर ते कसे पोचले हे बारक्याला नीट सांगता येत नाही. वल्हं पाण्यातून काढलं, पुढच्या फळीवरूनच मारलं, होडी सरळ जाईना. तो दादा, दादा म्हणत होता. काठावर गळ टाकून बसलेली माणसं धावत आली, त्यांनी दादाला उचललं, कोणी अँब्युलन्सला फोन लावला. एकानं होडीत डोकावून बघितलं आणि म्हणाला, "बाप रे, केवढा मासा हा. कशावर लागला?" त्या माणसाची काही चूक नव्हती. पण बारक्याला त्याचा चेहरा अजून आठवतो.

हॉस्पिटलच्या बोळात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "हे सुरू कधी झालं? शेवटचे नीट कधी होते?" शेजारी वहिनी उभ्या होत्या. घरच्याच चपला घालून आल्या होत्या. आत्ताच, असं सांगावं हे बारक्याच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण त्यानं खरं ते सांगितलं. होडी वाकडी जायला लागली तेव्हा धुकं होतं. त्यानंतर मासा लागला. त्यानंतरही तो बराच वेळ गळ टाकत बसला होता.

"तेवढा वेळ ते काही बोलले नाहीत?"

"मला वाटलं, रागावलाय."

डॉक्टरीणबाईंनी मान हलवली. मेंदूतली रक्ताची गाठ विरघळवायचं एक इंजेक्शन असतं, ते लवकर द्यावं लागतं, आता उपयोग नाही, असं त्यांनी शांतपणे सांगितलं आणि त्या आत गेल्या. वहिनींनी विचारलं, "एकदाही मागे बघितलं नाहीत, भावोजी?" बारक्या त्यांना होडीचा नियम सांगायला लागला आणि अर्ध्यावरच थांबला. त्या पांढऱ्या बोळात ते अगदी खुळ्यासारखं वाटत होतं. वहिनी बाकावर जाऊन बसल्या. पुन्हा त्यांनी तो विषय काढला नाही.

दादा वाचला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. घरी खिडकीशी खुर्ची टाकली, तिच्यात तो दिवसभर बसायचा. बारक्यानं दुकान कसंबसं चालू ठेवलं. काच कापायला गेला की तडा भलतीकडेच जायचा, शेवटी तो बाहेरून कापलेली काच आणायला लागला. लेकीला मुलगी झाली. "बाबा, कधी येताय?" "येतो ग, दादाचं जरा मार्गी लागू दे." पुढे तिनं विचारणं कमी केलं. होडी शेडमध्ये उलटी घालून ठेवली होती, तिकडे बारक्या गेला नाही.

रोज दुकान बंद करून तो दादाकडे जायचा, त्याची दाढी करायचा, त्याला भरवायचा. दादा त्याच्याकडे बघायचा आणि खिडकीबाहेर बघायला लागायचा. बारक्याचा जीव एकाच गोष्टीत अडकला होता. त्या सकाळी दादा खरंच रागावला होता का? की रागावलाच नव्हता आणि आपण एका आजारी माणसाशी मनात भांडत बसलो होतो? त्यानं हाक मारली होती आणि आपल्याला ऐकू आली नाही, असं तर नाही? झोपेतही तेच. ह्याचं उत्तर मिळाल्याशिवाय लेकीकडे जाणं त्याला शक्य नव्हतं, आणि उत्तर देणाऱ्याला बोलता येत नव्हतं.

बोलायला शिकवणाऱ्या बाई यायच्या. महिनोन् महिने नुसते घशातले आवाज निघाले. मग 'पाणी' आलं. मग 'नको' आलं, आणि ते फार वापरलं गेलं. पुढे एकेक करून शब्द गोळा झाले. दोन शब्द जोडायचे तर दादाला घाम फुटायचा.

एका संध्याकाळी दाढी झाल्यावर बारक्यानं साबण पुसला आणि खुर्चीसमोर जमिनीवरच बसला.

"दादा, एक विचारू? त्या दिवशी होडीत तुला कळलं होतं का, काहीतरी होतंय म्हणून?"

दादानं मान हलवली. हो. डाव्या हातानं उजवा हात दाखवला, तो उचलून पुन्हा मांडीवर टाकला. हात गेल्याचं त्याला तेव्हाच कळलं होतं.

"तेव्हा सुरुवातीला तरी बोलता येत होतं?"

थोडं थांबून दादानं मान हलवली. हो.

"मग हाक मारलीस का मला? मला ऐकू नाही आली का?"

नाही. हाक मारली नव्हती.

"माझ्यावर रागावला होतास म्हणून?"

दादानं नाही म्हणून मान हलवली, दोनदा, जोरात. तोंड उघडलं. ओठ एका बाजूनं हलत होते, गळ्याच्या शिरा ताणल्या होत्या.

"मासा," दादा म्हणाला. धाप लागली. पुन्हा सगळी ताकद गोळा केली. "मासा… लागला… होता. तुला."

स्वयंपाकघरातून वहिनी हात पुसत बाहेर आल्या. "काय म्हणाले हो?"

बारक्यानं दोन्ही हातांनी दादाचा पाय धरला होता. वहिनींना पुन्हा विचारावं लागलं.

"मासा लागला होता म्हणून हाक मारली नाही, असं म्हणतोय."

वहिनी दारातच उभ्या राहिल्या. मग येऊन त्यांनी दादाच्या हनुवटीवरचा उरलेला साबण पदरानं पुसला.

"असेच आहेत हे," त्या म्हणाल्या.