दाजींची फौजी बंदूक

आमचे दाजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, दापोऱ्याला केळी पिकवतात. वानरं हाकलायला त्यांच्याकडे लाकडी दस्त्याची जुनी एअरगन होती. ती वानरांवर कधी कुणी झाडली नाही. मारुतीच्या लेकरांवर छर्रे कोण सोडणार? नुसती खांद्याला लावली की अख्खा कळप बांधापार व्हायचा. त्यामुळे नवी बंदूक घेण्यामागचा दाजींचा युक्तिवाद मला काही मोडता येईना. झाडायचीच नसेल तर बंदुकीला दिसण्याशिवाय दुसरं काम काय? मग ती होईल तेवढी भयंकर दिसावी.

मी बऱ्हाणपुरात मास्तर आहे, म्हणून मला सगळ्या खरेदीतलं कळतं असा त्यांचा समज. ते मला दुकानात घेऊन गेले. नवी बंदूक सगळी काळीभोर होती. दस्त्याला भोकं, अंगठ्याला वेगळी खोबण, नळीवर दातेरी पट्टी, सगळा थाट पलटणीचा. दुकानदार प्रामाणिक निघाला. आतली स्प्रिंग जुनीच, कपडे तेवढे नवे, असं त्यानं सांगून टाकलं. दाजी ऐकतच नव्हते, ते बंदूक खांद्याला लावून आरशात बघत होते. जुनी बदल्यात देऊन आम्ही निघालो.

घरी ताईनं नव्या वस्तूला हळदकुंकू वाहिलं, दस्त्याच्या भोकात उदबत्ती खोचली आणि दातेरी पट्टीला झेंडूचा हार अडकवला. त्या पट्टीवर खरं काय लावतात हे आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हतं, पण हार घट्ट बसला.

वानरांनी मात्र ती बंदूक ओळखलीच नाही. त्यांच्या आईबापांनी त्यांना लाकडी दस्त्याला भ्यायला शिकवलं होतं, या काळ्या प्रकाराबद्दल काही सांगून ठेवलं नव्हतं. दाजी नेम धरून उभे, आणि समोर एक हुप्प्या निवांत केळं सोलतोय. मी पोट धरून हसलो.

घाबरली ती माणसं. घड कापणीला आले होते. जसोंडीहून पहिल्यांदाच बोलावलेली मजुरांची टोळी रस्त्यापर्यंत आली आणि बांधावर काळी बंदूक घेतलेला माणूस बघून आल्या पावली परत गेली. आधी तुमची भानगड मिटवा, मग बोलवा, असं मुकादमानं फोनवर ठणकावलं. आणखी उशीर झाला तर माल झाडावरच पिकणार, आणि पिकलेला माल व्यापारी गाडीत चढवत नाही. म्हणजे वर्षाची मेहनत वानरांच्या पोटात. ताईनं मला तातडीनं बोलावून घेतलं.

मी दाजींना परोपरीनं समजावलं. त्यांनी बंदूक मांडीवर घेतली.

"मास्तर, खरं सांगू का तुमाले?" ते म्हणाले. "जिंदगीत पहिल्यांदा मले पाहून कोनी थांबलं."

माझं हसू पार आटलं. मला त्यांची फार दया आली, आणि दया आली म्हणून लाजही वाटली. ताईला असलं काही परवडणारं नव्हतं. बंदूक ठेवायची की केळी, एवढंच तिनं विचारलं.

बंदूक कपाटात गेली. दुसऱ्या दिवशी टोळी आली तेव्हा दाजी धुतलेला सदरा घालून रिकाम्या हातांनी बांधावर उभे होते. मुकादम सरळ त्यांच्याजवळ गेला आणि इकडेतिकडे पाहत म्हणाला, "भैया, मालक कुठे हायेत?"

दाजींनी ताईकडे बोट दाखवलं.